भरवशाचे पिस्तूल आणि भरवशाचा कायदा

"अॅट्रॉसिटीची फिर्याद दिलीय, आता धमक्या येतात. कमरेला लावून फिरता येईल असं छोटं, भरवशाचं पिस्तूल कोणतं?" वस्त्यांवर काम करताना तरुण मुले आम्हाला हा प्रश्न विचारतात. ही मुले गुंड नाहीत, फिर्यादी आणि साक्षीदार आहेत. बुद्धाचे नाव घेऊन हा प्रश्न झटकून टाकणे आम्हाला मान्य नाही. स्वतःचा जीव वाचवण्याचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्येच दिलेला आहे. म्हणून आधी सरळ उत्तर देऊ.

मोबाईलवर दिसणारी ग्लॉक १९ किंवा सिग सॉवर पी ३६५ ही पिस्तुले विसरा. ती ९ मिमीची आहेत आणि हा बोअर आपल्याकडे सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. परवान्यावर साधारणपणे .३२ बोअरचे हत्यार मिळते. ईशापूरच्या सरकारी कारखान्याचे 'अशनी' पिस्तूल आणि कानपूरचे 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर ही त्यातली ओळखीची नावे. पिस्तूल चपटे असल्याने सदऱ्याखाली कमी जाणवते. पण मॅगझीन, स्प्रिंग किंवा काडतूस यांपैकी एकाने दगा दिला की ते अडकते आणि स्लाइड ओढून मोकळे करावे लागते. भेदरलेल्या माणसाला ते सुचत नाही. रिव्हॉल्व्हर जाड असते आणि त्यात गोळ्या सहाच. मात्र एक काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचे काडतूस समोर येते. काडतुसे परवान्यावर मोजून मिळत असल्याने आपल्या माणसाचा सराव कमीच राहणार. त्याला रिव्हॉल्व्हर जास्त भरवशाचे, असे आमचे मत आहे. घरात लेकरे असतील तर ते कुलपातच हवे. आणि गावठी कट्टा कधीही घेऊ नका. तो हातात फुटतो आणि फिर्यादीलाच आरोपी करून सोडतो.

आता खरा मुद्दा. 'निर्भीक' २०१४ साली आले तेव्हा वजन अर्धा किलो आणि किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला १६८ रुपये होती. म्हणजे सातशेहून अधिक दिवसांची मजुरी, तीही पोट न भरता. पैसे उभे केले तरी परवान्यासाठी पोलिसांचा अहवाल लागतो. जे ठाणे आपली फिर्याद घ्यायला दोन दिवस बसवून ठेवते, तेच 'अर्जदाराच्या जिवाला धोका आहे का' हे ठरवणार! आमच्या परिचयातल्या एका कार्यकर्त्याच्या अर्जावर 'धोका दिसून येत नाही' असा शेरा पडला. धमक्या देणाऱ्याच्या घरी मात्र परवान्याची बारा बोअर भिंतीवर टांगलेली होती.

ज्या अमेरिकेतून ही छुप्या पिस्तुलाची हौस आपल्याकडे येते, तिथला अनुभवही बघा. १९५६ साली माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्यांनी लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना मागितला आणि तो नाकारला गेला. २०१६ साली मिनेसोटात फिलँडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय तरुणाकडे रीतसर परवाना होता. गाडी थांबवणाऱ्या पोलिसाला त्याने आपल्याजवळ शस्त्र असल्याचे स्वतःहून सांगितले आणि पोलिसाने त्यालाच गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षी तो पोलीस निर्दोष सुटला. हत्यार तेच, परवाना तोच, पण बाळगणारा कोण यावरून व्यवस्था त्याचा अर्थ ठरवते. जात ज्या देशात श्वासागणिक मोजली जाते, तिथे वेगळे काय होईल?

मग हात बांधून बसायचे का? मुळीच नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांतला नियम ३ आपल्यातल्या किती जणांनी वाचला आहे? अत्याचारप्रवण क्षेत्रात गरज असेल तर अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करावेत, बेकायदा हत्यारे जप्त करावीत आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत, हे तिथे लिहिलेले आहे. कलम १५-अ पीडित आणि साक्षीदारांना संरक्षणाचा हक्क देते.

२९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबावर जमाव चालून गेला. सहा गोळ्यांनी जमाव थांबत नाही. तो थांबतो गावातल्या आधीच्या बंदोबस्ताने. म्हणून ज्याला परवाना हवा त्याने जरूर मागावा, पण एकट्याने नव्हे. अर्जात नियम ३ चा उल्लेख करा, त्याच अर्जात समोरच्याचा परवाना रद्द करण्याची आणि कलम १५-अ खाली संरक्षणाची मागणी करा. पोच घ्या, नकार लेखी मागा, आणि अर्ज द्यायला जाल तेव्हा पन्नास जण सोबत न्या.

जय भीम!