काठ पदरालाच शोभतो!

हळदीकुंकू असो, बारसं असो की मुंज, हल्ली निमंत्रणपत्रिका घरच्या घरी मोबाईलवर तयार होते. अक्षरांचे कितीतरी नमुने समोर येतात आणि बोट नेमकं जातं ते सगळ्यांत नक्षीदार नमुन्याकडे. जाणारच हो! साडीच्या दुकानात आपली नजर आधी काठपदराकडेच जाते ना? पण मैत्रिणींनो, अख्खी साडीच काठाची केली, तर ती नेसवेल का?

ही नक्षी मुळात बोरूची. तिरकं कापलेलं टोक कागदावर फिरलं, की एक रेघ जाड, एक बारीक उमटते. वळणाची सगळी गोडी त्यातच आहे. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांची नावं अशी रेखाटली, की नुसत्या अक्षरांवरून नाटकाचा बाज कळावा. अच्युत पालव यांनी मोडीच्या वळणांचा अभ्यास केला आणि सुलेखन लोकांपर्यंत नेलं. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आणि गंमत बघा, सुलेखनात मुरलेल्या र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनीच संगणकासाठी ‘मंगल’ हा साधा, सरळ टंक घडवला. मिरवायचं अक्षर वेगळं आणि वाचायचं वेगळं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आपल्याला ते का ठाऊक असावं, सांगते. आमच्या महाळुंग्यात चाकणच्या कारखान्यांमुळे गावोगावची कुटुंबं राहायला आली आहेत. मी अर्धवेळ शिकवते. माझ्या एका विद्यार्थिनीची आई लेकीशेजारी बसून अक्षरं शिकली. एकदा ती शेजारच्या बारशाची पत्रिका घेऊन आली. चेहरा अगदी उतरलेला. म्हणाली, “बाई, मी वाचायला विसरले वाटतं.” पत्रिका पाहिली तर ‘भ’चा ‘म’ झालेला, ‘घ’ आणि ‘ध’ ओळखू येत नव्हते. तोच मजकूर मी वहीत साध्या अक्षरांत लिहून दिला. तिने तो वेळेसकट घडाघडा वाचला! नक्षीपायी ती बिचारी स्वतःला अडाणी समजून बसली होती.

तेव्हा एवढं करा. नक्षीदार अक्षर फक्त मथळ्याला आणि बाळाच्या नावाला, तेही चांगलं मोठं. तारीख, वेळ, पत्ता, फोन नंबर साध्या टंकात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. एका पत्रिकेत दोनच टंक पुरेत. हाताचं वळण हवंच असेल तर ‘यात्रा वन’ वापरून बघा. मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून तो बेतला आहे आणि फुकट मिळतो. धावत्या गाडीतून वाचायच्या पाट्या त्या, त्यामुळे देखणा असूनही कळतो.

आणि पत्रिका धाडण्याआधी घरातल्या आजींना एकदा मोठ्याने वाचायला द्या. त्या कुठे अडखळल्या, तर तिथली नक्षी खुशाल उतरवा. पत्रिका बघून पाहुण्यांनी “वा!” म्हणावं हे खरंच, पण त्यांनी वेळेवर आपल्या दारात यायला हवं, नाही का?