चाय झाली का?

तुमचा चहा कसा? कमी साखर, जास्त आलं? की ऑफिसच्या मशीनचं बटण दाबलं की कागदी कपात पडतं, ते जे काही असेल ते? चहाच्या बाबतीत आपण सगळेच भयंकर चोखंदळ. कुणाला वेलची चालत नाही, तर कुणाला काचेचा ग्लासच लागतो. आता हे सगळे नखरे बॅगेत भरा आणि एका वीकएण्डला वऱ्हाडात जाऊन या! मुंबईहून रात्रीची अमरावती एक्स्प्रेस पकडली की पहाटे अकोला. डोळे चोळत प्लॅटफॉर्मवर उतरलात की पहिला धडा मिळतो. इथे चहा नसतो, चाय असते. पुण्यात 'चहा झाला का?' विचारतात, इथे 'चाय झाली का?'

दुसरा धडा म्हणजे 'नको' हे उत्तर चालत नाही. कापडाच्या दुकानात जा, झेरॉक्स काढायला जा, नाहीतर मित्राच्या काकांकडे पाच मिनिटं डोकवा. "बसा ना भाऊ, कायले घाई करून राहिले? चाय पेऊन जा!" आताच घेतला म्हणालात, तर "मंग अर्धी घ्या" हे ठरलेलं. अर्धी म्हणजे एका कपाच्या दोन बश्या. मुंबईचं कटिंग खिशाला परवडावं म्हणून. इथली अर्धी माणूस आणखी थोडा वेळ बसावा म्हणून. साखर किती, हे मात्र कुणी विचारणार नाही. ती भरपूरच असते. डाएटवाल्यांनी आधीच सांगून ठेवावं.

अकोला ते अमरावती हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर, मूर्तिजापूरमार्गे. याच हायवेवर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड झालं. रस्ता सुसाट आहे, पण चायसाठी थांबल्याशिवाय तो संपवायचा नसतो. अमरावतीत पोचलात की राजकमल चौकाच्या आसपास आधी गिला वडा हाणा आणि मग चाय.

मे महिन्यात गेलात तर आणखी एक नवल दिसेल. पारा ४५च्या पुढे, रस्ते ओस आणि टपरीवर लोक वाफाळती चाय पिताहेत! वेडेपणा वाटतो ना? पण त्यात तथ्य आहे. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. गरम पेयाने घाम जास्त सुटतो आणि तो पूर्ण वाळला, तर शरीरात उलट कमी उष्णता साठते, असं त्यात दिसलं. वऱ्हाडच्या कोरड्या हवेत घाम चटकन वाळतो. मुंबईच्या दमट हवेत तो नुसता शर्टाला चिकटतो, त्यामुळे हे लॉजिक लोकलच्या डब्यात वापरू नका. आणि चायच्या आधी पाणी हवंच.

गंमत म्हणजे याच अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला चक्क कॉफी पिकते! तरी घरोघरी पातेलं चढतं ते चायचंच, आसामातून आलेल्या पत्तीचं.

आता खरी गोष्ट. चायमध्ये पत्ती, दूध, साखर हे सगळं नंतर येतं. आधी लागतं पाणी. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलाय. तिथे विहीर खणा, बोअर मारा, पाणी खारट. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या भागांतल्या कितीतरी गावांची ही पिढ्यान्‌पिढ्यांची कहाणी. त्या पाण्याची चाय करून बघा. चार चमचे साखर टाकली तरी जिभेवर मीठ राहतंच. म्हणून इथे पाण्याचे दोन प्रकार, खारं आणि गोडं. गोडं म्हणजे साखरेचं नव्हे, पिण्याजोगं. वान धरणावरून ८४ खेड्यांसाठी नळयोजना झाली, पण नळाला पाणी रोज येईल याची खात्री अनेक गावांत नसते. मग नळ, टँकर किंवा विकतचा कॅन, जिथून मिळेल तिथून आलेलं गोडं पाणी वेगळ्या भांड्यात झाकून ठेवतात. भांडी खाऱ्या पाण्याने घासतील, पण पाहुण्याची चाय गोड्याच पाण्याची!

म्हणजे 'तुम्हाला चाय कशी आवडते?' या प्रश्नाआधी इथे दुसरा प्रश्न असतो, 'घरात गोडं पाणी आहे का?' हे कुणी तुम्हाला बोलून दाखवणार नाही. समोर फक्त कप येईल, काठोकाठ भरलेला आणि तुमच्या हिशेबाने जरा जास्तच गोड.

तेव्हा खारपाणपट्ट्यातल्या कुणाच्या घरी बसलात, तर एवढंच करा. पूर्ण कप झेपत नसेल तर आधीच अर्धी मागा. आणि जी घ्याल, ती तळापर्यंत संपवा. उष्टी ठेवू नका.