आण्णांची मेडलं

आमच्या माण तालुक्यातल्या गावात आण्णांना 'इमानवाला' म्हणत. माणूस एअरफोर्समध्ये होता म्हणजे विमानच चालवत असणार, असा साधा हिशेब. पारावर कुणी विचारायचं, "आण्णा, लई उंच गेल्यावर भ्या वाटतंय का वं?" आण्णा म्हणायचे, "आरं, मी इमान चालवत नव्हतो. मी त्यात गोळ्या भरायचो." विचारणाऱ्याचा चेहरा पडायचा. जणू त्याचंच काहीतरी कुणी काढून घेतलंय.

आण्णा १९६१ साली भरती झाले, आर्मामेंट फिटर म्हणून. एकवीस वर्षांनी सार्जंट होऊन घरी आले ते एक काळी ट्रंक आणि आठ मेडलं घेऊन. गोल मेडलांच्या कडेवर इंग्रजीत बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं. त्यातलं एकही शौर्याचं नाही, हे ते स्वतःच आधी सांगून टाकत. "ही हजेरीची मेडलं. तवा तिथं हुतो, एवढंच."

१९६५ च्या लढाईची दोन. त्या साली सैन्यात असणाऱ्यांना रक्षा मेडल, आणि प्रत्यक्ष लढाईच्या टापूत असणाऱ्यांना समर सेवा स्टार. आण्णा तेव्हा पंजाबात लुधियान्याजवळ हलवारा तळावर होते, हंटर विमानांवर. हंटरच्या पोटाखाली ३० मिलिमीटरच्या चार तोफा असत. त्या गोळ्यांसकट एका पेटीसारख्या खाली उतरवायच्या आणि आधीच भरून ठेवलेली दुसरी पेटी वर चढवायची. काही मिनिटांत विमान पुन्हा उडायला तयार. हे सांगताना आण्णांचे हात हवेत आपोआप हलायचे. बैलगाडीची धाव बसवावी तितक्या सहजपणे.

६ सप्टेंबरच्या संध्याकाळी हलवाऱ्यावर पाकिस्तानची सेबर विमानं आली. तळाच्या डोक्यावरच झुंज झाली. आपल्या राठोड आणि नेब या वैमानिकांना त्या दिवसाच्या कामगिरीबद्दल वीरचक्र मिळालं. आपलीही दोन हंटर पडली, पण वैमानिक छत्रीनं उतरले. आण्णांना मात्र यातली लक्षात राहिली ती पेटी. ते म्हणायचे, "इमान परत यायच्या आधीच त्याची पेटी आम्ही भरून ठेवायचो. जे आलं न्हाय, त्याची तशीच पडून ऱ्हायची. मग ती दुसऱ्याला लावायची. लावताना कुणी बोलायचं न्हाय."

सैन्य सेवा मेडलवर 'जम्मू काश्मीर' अशी पट्टी आहे. त्याबद्दल आण्णा बोलत नसत. ती कथा आईकडून कळली. आण्णा तिकडे असताना आमचे आजोबा गेले. तार पोचली तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. आई त्याला 'मामंजींचं मेडल' म्हणते.

१९७१ ला ते जामनगरला होते, तिथून जैसलमेरला गेले. लोंगेवाल्याची गोष्ट आता पोराटोरांनाही ठाऊक आहे. ४ डिसेंबरच्या रात्री रणगाडे आले, मेजर कुलदीपसिंग चांदपुरींची तुकडी रात्रभर टिकून राहिली, आणि उजाडल्यावर हंटर गेले. हंटरला रात्री अंधारात लढता येत नसे, म्हणून उजाडायची वाट. ती रात्र आण्णांनी थंड वाळूत, रॉकेटांशेजारी काढली. मग विमानं मूठभर आणि खेपा किती! येईल तसं भरायचं आणि सोडायचं. त्याचा पश्चिमी स्टार, आणि जोडीला संग्राम मेडल.

१९९७ साली 'बॉर्डर' पिक्चर आला. दहिवडीला जाऊन अख्ख्या भावकीनं बघितला. पडद्यावर विमानं आली तशी माणसं शिट्ट्या मारायला लागली. बाहेर पडल्यावर चुलत्यांनी विचारलं, "तू कुटं दिसला न्हाईस गा?" आण्णा हसले. "इमान उडालं न्हवं? मग मी मागं ऱ्हायलो."

एका पंधरा ऑगस्टला शाळेत एका पुढाऱ्यानं भाषणात आण्णांनी शत्रूची तीन विमानं पाडल्याचं ठोकून दिलं. टाळ्या झाल्या. आण्णा उठले, माईकपाशी गेले आणि म्हणाले, "मी एकबी पाडलं न्हाय." आणि खाली बसले. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरं आठवडाभर चिडवत होती. आज वाटतं, त्या व्यासपीठावर खरं बोललेला तेवढा एकच माणूस होता.

नऊ वर्षांच्या आणि वीस वर्षांच्या सेवेची दोन, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. राहिलं स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं, १९७२ चं. त्या वेळी सेवेत असलेल्या सगळ्यांना ते मिळालं. आण्णा सुट्टीवर येताना घेऊन आले. पण ७२ म्हणजे आमच्याकडे दुष्काळ. विहिरी आटलेल्या, बैल छावणीला. मनीऑर्डर यायची, पण पैसे असून धान्य कुठलं! रेशनला मिलो, कामावर सुकडी. आई गावच्या बायकांबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. मला पाटीत निजवून शेजारी ठेवायची. आण्णांनी कौतुकानं मेडल तिच्या हातावर ठेवलं. हाताला चिंध्या बांधलेल्या. तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "हे कशाबद्दल?"

"देशाला पंचवीस वर्षं झाली म्हणून. त्या वक्ताला जी कामावर हुती, त्यांना समद्यांना."

"मग माझं कुटाय?"

आण्णांनी ते परत घेतलं नाही.

आण्णा गेल्यावर थोरल्या भावानं साताऱ्याला नेऊन मेडलं फ्रेम करून घेतली. आईनं सात दिली. आठवं तिच्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीखाली आहे. फ्रेम बघायला येणाऱ्यांना काही कळत नाही. खालच्या आळीतले रिटायर सुभेदार आले, त्यांनी मात्र चष्मा लावून फिती ओळीनं मोजल्या.

"पंचविसाव्याचं दिसंना?"

"आईकडं हाय," मी म्हणालो.

त्यांनी आत चुलीपाशी बसलेल्या आईकडं बघितलं. "बरं हाय," म्हणाले, आणि चहा घेतला.