जळका काठ

वऱ्हाडात कापडाची परीक्षा काडीने होत आली. ठाणाच्या कडेचा एक धागा ओढायचा आणि पेटवायचा. कागद जळल्याचा वास आला आणि बोटांत भुरभुरणारी करडी राख उरली, तर कापड सुती. धागा आक्रसून त्याची काळी, टणक गुठळी झाली, तर पॉलिस्टर. मग दुकानदार शपथेवर काहीही सांगो. अमरावतीच्या जवाहर रोडवर काय किंवा अकोल्याच्या टिळक रोडवर काय, काडी लावून बघणारं गिऱ्हाईक आता सहसा दिसत नाही. माझ्या टेबलावरचं छोटं डायोड लेझर मात्र चालू असेल तेव्हा हेच करत असतं. आपण त्याला कापणं म्हणतो, इतकंच.

अकोल्यात ज्यांच्याकडे मी अजूनही शर्ट शिवून घेतो, त्या काकाजींनी ते चालताना पाहिलं आणि विचारलं, "काऊन रे बाप्पा, हे मशीन कापून रायली का जाळून रायली?" उभा जन्म कैचीवर गेलेल्या माणसाचा प्रश्न होता तो, आणि नेमका होता. कैची धाग्याचे दोन तुकडे करते. लेझर मधला धागाच नाहीसा करतं. कापलेले तुकडे पुन्हा शेजारी ठेवले तर मधे बारीकशी फट उरते. तेवढं कापड धूर होऊन गेलेलं असतं. साध्या शिवणीत हे खपून जातं, पण एका रंगात दुसऱ्या रंगाची वेल तंतोतंत बसवायची असेल तर ती फटही मापात धरावी लागते.

यंत्र म्हणावं तर त्यात फार काही नाही. अॅल्युमिनियमची चौकट, दोन पट्टे, त्यांवर सरकणारं डोकं, खाली जाळीचा पाट. डोक्यातून ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड पडतो. १० वॉट हा आकडा घरातल्या एलईडी बल्बचाही असतो, पण इथे तो सगळा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या ठिपक्यात दाटलेला. नारिंगी चष्म्याशिवाय त्याच्याकडे बघायचं नाही, आणि तो चालू असताना चहाला उठायचं नाही. सुती कापडाला आग लागायला निमित्त पुरतं. ठिपक्यावर सतत फुंकर मारणारा छोटा पंप लावला की ज्वाळ धरत नाही आणि धूरही कापडावर बसत नाही. पाण्याची फवारणी तरी हाताशी ठेवायचीच. मे महिन्यात दुपारी मी ते चालवत नाही. अकोल्याचा पारा पंचेचाळीस ओलांडतो तेव्हा डायोडही तापतो, आणि तापलेला डायोड उजेड कमी देतो. आपल्याकडे पहाटे उठून काम उरकायची जी रीत आहे, ती या जपानी-चिनी वंशाच्या यंत्रालाही मानवते.

खरी गंमत पांढऱ्या सुती कापडाची. शुभ्र मांजरपाट पाटावर ताणून लावा आणि त्यावर काळ्या मार्करने एक रेघ ओढा. मग कमी ताकदीवर डोकं त्याच रेघेवरून चालवा आणि पुढे दोन बोटं कोऱ्या कापडावरही जाऊ द्या. रेघ चरचरत तुटत जाते. जिथे शाई संपते तिथे कापणंही संपतं. निळा ठिपका पुढे जातो, झगझगीत दिसतो, पण कापड जसंच्या तसं. पांढऱ्या कापडात तो उजेड मुरतच नाही. बराचसा परत फिरतो, थोडा विणीतून खाली उतरतो. खाली काळी फळी असेल तर आधी ती जळते आणि तिच्या धुराने कापड उलट्या बाजूने पिवळं पडतं. ताकद वाढवून, वेग कमी करून पांढरंही कापता येतं, नाही असं नाही. पण काठ तपकिरी होतो आणि धुतल्यावरही तो रंग पुरता जात नाही. ज्या मुलखाने पांढऱ्या सोन्यावर पिढ्यान्‌पिढ्या काढल्या, तिथे हे यंत्र म्हणतं, आधी याला काळं फासा, मग बोला.

पांढरं कापड सहज कापणारा लेझर निराळा. त्याचा जनक आपल्याकडचा आहे, हे शाळेत मला कोणी सांगितलं नव्हतं. बारामतीत १९३८ साली जन्मलेले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले कुमार पटेल यांनी १९६४ साली अमेरिकेत बेल लॅबमध्ये कार्बन डायऑक्साइडचा लेझर तयार केला. त्याच्या किरणांची लांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे निळ्या उजेडाच्या तेवीसपट. डोळ्यांना ते दिसतही नाहीत. पण कापसातला सेल्युलोज ते अधाशासारखे शोषतो. त्या किरणांच्या लेखी शुभ्र धोतर आणि काळं कांबळं सारखंच काळं. कारखान्यांत कापडासाठी हाच लेझर चालतो. काचेची लांब नळी आणि ती थंड ठेवायला फिरतं पाणी, असा त्याचा संसार; माझ्या खोलीत तो मावायचा नाही.

जीन्स जुनी दिसावी म्हणून मांड्यांवर नि गुडघ्यांवर जो फिकटपणा असतो, तोही आता बऱ्याच ठिकाणी लेझरच काढतो. डेनिमचा उभा धागा वरवरच निळा असतो, आत पांढरा. वरचा थर जाळला की आतला पांढरा उघडा पडतो. माझं यंत्रही गडद डेनिमवर हे छान करतं, नावं, वेली, काय हवं ते. पूर्वी हेच काम वाळूचा मारा करून होई. तुर्कस्तानात त्या धुळीने तरुण कामगारांची फुप्फुसं निकामी झाली आणि २००९ साली तिथे त्यावर बंदी आली. नव्या कापडाला म्हातारपण आणण्यासाठी माणसांनी जीव द्यावा, हा हिशेब मला कधीच पटलेला नाही. लेझरने निदान तेवढं केलं.

पॉलिस्टरशी मात्र या यंत्राचं गूळपीठ आहे. रंग गडद असला की ठिपका पुढे सरकेल तसा काठ वितळतो आणि लगेच थिजतो. दशा सुटत नाहीत, दुमड घालावी लागत नाही. सुती तुकड्याची कड मात्र मोकळी होते. बोट फिरवलं तर काळं लागतं, आणि धुण्यात दशा निघतात. टेरीकॉटमध्ये दोघांचे दोष एकत्र येतात, जळका रंग सुताचा आणि टोचणारी कड पॉलिस्टरची. ते काम मी घेत नाही. रेक्झिन तर दारातूनच परत पाठवतो. त्यातल्या पीव्हीसीतून जाळताना हायड्रोजन क्लोराइड निघतो, जो माणसाची छाती आणि यंत्राचं लोखंड दोन्ही खातो. कितीदा सांगितलं तरी कोणी ना कोणी रेक्झिन घेऊन येतोच.

नांदगाव पेठेला कापडाचा मोठा पार्क व्हायचा आहे. १,००० एकरांवरच्या पीएम मित्र पार्कचं भूमिपूजन २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याहून झालं. इंग्रजी अमलात इथली गठडी रेल्वेने मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला जायची. कापसासाठी खामगावला १८७० साली रेल्वेचा फाटा आला. आता शेत ते कापड सगळं इथेच, असं म्हणतात. व्हावं. पण इथल्या दुकानांतून मी जे ठाण उचलतो त्याचा काठ यंत्राखाली बहुतेक वेळा वितळतो, राख होत नाही.

गेल्या पोळ्याला मावसभाऊ झूल करून मागत होता. तो दर्यापूरकडचा, कापूसवाला. मी म्हटलं, सुती करू, घरचंच पीक आहे. तो म्हणाला, "सुती नोको. पाणी आलं त वाळत नायी, अन् दशा निंगतेत." त्याचं बरोबर होतं, श्रावण अमावस्येला पाऊस हमखास गाठतो. मग जांभळी पॉलिस्टर मखमल आणली, तिच्यातून मोर आणि कोयऱ्या कापल्या, एकही दशा निघाली नाही. काकाजींनी त्या शिवल्या आणि बैलाच्या पाठीला ती मखमल लागू नये म्हणून आतून जुन्या धोतराचं अस्तर लावलं. ते त्यांनी कैचीनेच कापलं. पांढरं होतं ना.