सुखना तळ्याच्या बांधावर

आमच्या घरात एक जुनी तक्रार आहे. रस्त्याने चालू लागलो की मी दहा पावले पुढे असतो आणि सौ. मागे. ‘तुम्ही फिरायला निघता की लोकल गाठायला?’ असे ती विचारते. यावर माझ्यापाशी एक ठेवणीतले उत्तर असे. ते माझे नव्हे, वडिलांचे. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये मिल्खासिंगने धावता धावता मागे वळून पाहिले आणि हाताशी आलेले पदक गेले. म्हणून माणसाने मागे पाहू नये! मला मार्क कमी पडले की वडील ही गोष्ट सांगत. पुढे मी ती वर्गात इतक्या वेळा सांगितली की मुले माझ्या आधीच शेवट म्हणून दाखवीत.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही उभयता चंडीगडला गेलो. दिल्लीहून सकाळची गाडी घेतली. पानिपत आले की मराठी माणूस हातातला चहा खाली ठेवून खिडकीशी सरकतो, मीही सरकलो. ‘इथे बरे मागे पाहता!’ सौ. म्हणाली. मी ऐकू न आल्यासारखे केले.

चंडीगड हे फाळणीच्या जखमेवर उभे राहिलेले शहर. १९४७ साली लाहोर सरहद्दीपलीकडे गेले आणि आपल्याकडच्या पंजाबला राजधानी उरली नाही. म्हणून शिवालिक डोंगरांच्या पायथ्याशी हे नवे शहर वसवले. ल कॉर्बुझिए या वास्तुशिल्पज्ञाने त्याची आखणी केली. चाळीत आणि गल्लीबोळांत वाढलेल्या माणसाला तिथे पहिला दिवसभर चुकल्याचुकल्यासारखे होते. रस्ते सरळ, झाडे शिस्तीत, आणि वस्त्यांना नावांऐवजी आकडे. पत्ता विचारावा तर उत्तर अंकगणितात मिळते.

या शहराचा जीव रमतो तो सुखना तळ्यावर. तळे निसर्गाने दिलेले नव्हे. डोंगरातून पावसाळ्यात धावत येणाऱ्या सुखना चो नावाच्या ओढ्याला १९५८ साली बांध घालून ते केले. कॉर्बुझिए आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांची ही करणी. बांधावर वाहने येऊ नयेत, पाण्यात मोटारबोटींची घरघर असू नये, असा कॉर्बुझिएचा आग्रह होता. म्हणून आजही पहाटे तिथे ऐकू येतात ती पाखरे आणि फिरायला आलेल्यांची पावले.

आम्ही गेलो तेव्हा पाण्यावर धुके होते. फेटेवाले वृद्ध सरदारजी, आजीचे बोट धरलेली नातवंडे, घामाघूम झालेली तरुण पोरे, असे सारे गावच बांधावर लोटले होते. माझी चाल नेहमीप्रमाणे वाढली. एका बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या सरदारजींना मी विचारले, ‘मिल्खासिंगजी याच गावचे ना?’

‘हां जी, हमारे मिल्खाजी!’ त्यांचा चेहरा उजळला. मग माझ्या पाठीमागे पाहत ते म्हणाले, ‘लेकिन भाईसाहब, बहनजी तो पीछे रह गयीं।’

मी वळून पाहिले. सौ. खूप मागे होती. तिचा गुडघा दुखत होता, हे मला त्या क्षणी आठवले. मी बाकावर बसलो आणि वाट पाहू लागलो.

वाट पाहता पाहता मिल्खासिंग यांचे सारे आयुष्य डोळ्यांपुढे आले. गोविंदपुरा हे त्यांचे गाव आता पाकिस्तानात. फाळणीच्या दंगलीत आईवडील आणि भावंडे मारली गेली. कोवळ्या वयाचा तो पोरगा दिल्लीच्या निर्वासितांत येऊन पडला. विनातिकीट प्रवासासाठी तुरुंगात गेला, तेव्हा बहिणीने अंगावरचे दागिने विकून त्याला सोडवले. पुढे सैन्यात भरती झाला आणि सिकंदराबादच्या छावणीत धावायला शिकला. ज्या साली हे तळे झाले त्याच साली, १९५८ मध्ये, त्याने कार्डिफला राष्ट्रकुलातील ४४० यार्डांची शर्यत जिंकली. रोमला ४५.६ सेकंदांत धावूनही तो चौथा आला. तिसऱ्याची वेळ ४५.५! स्वतः मिल्खासिंग सांगत की सुरुवातीला वेग फार ठेवला आणि अडीचशे मीटरनंतर तो आवरला, तिथे घात झाला.

आम्ही गोष्ट तिथेच थांबवली, हा आमचा दोष. मिल्खासिंग नंतर साठ वर्षे जगले. भारतीय महिला व्हॉलीबॉल संघाच्या कर्णधार निर्मल यांच्याशी त्यांनी संसार थाटला. तीन मुली झाल्या, एक मुलगा. मुलगा जीव गोल्फमध्ये नामांकित झाला. १९९९ साली कारगिलच्या युद्धात टायगर हिलवर पडलेल्या एका हवालदाराच्या सात वर्षांच्या मुलाला या उभयतांनी दत्तक घेतले. पोरके होणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले होते त्याने साऱ्या शर्यती संपल्यावर मागे वळून पाहिले, आणि तिथे एक मूल उभे होते. जून २०२१ मध्ये करोनाने निर्मलताई गेल्या. मिल्खासिंग अतिदक्षता विभागात होते. त्यांना अखेरचा निरोपही देता आला नाही. पाचच दिवसांनी, १८ जूनला, तेही गेले.

शर्यतीत मागे पाहू नये हे खरेच. पण संसार म्हणजे काही चारशे मीटर नव्हे. वडील थकल्यावर आम्ही संध्याकाळी शिवाजी पार्कवर जात असू. मी पुढे जाऊन कोपऱ्यावर थांबे आणि घड्याळ पाही. ते सावकाश येत आणि म्हणत, ‘जा रे तू पुढे.’ मी जात असे. आता वाटते, त्यांना ते म्हणावे लागू नये एवढे तरी मी करायला हवे होते.

सौ. येऊन पोचली. ‘काय झाले? दम लागला?’

‘हो,’ मी म्हणालो.

तिथून नेकचंद यांची रॉक गार्डन जवळच आहे. तेही फाळणीत घर सोडून आलेले. फुटक्या बांगड्या आणि तुटक्या कपबशा गोळा करून त्यांनी रानात एक नगरीच रचली. सौ.ला ती पाहायची होती. अंतर थोडेच, पण आम्हाला बराच वेळ लागला.