'बंद' म्हणजे चालू की बंद?

बी.ए.चे दुसरे वर्ष सोडून आयटीआयला गेलेला आमचा एक विद्यार्थी गेल्या वर्षी पुन्हा भेटायला आला. तो आता एका कारखान्यात देखभाल विभागात आहे. तेथे दोन यंत्रांवर दोन वेगळ्या कंपन्यांचे नियंत्रक (पीएलसी) आहेत, आणि त्यांच्या प्रोग्रॅमचे मराठी स्पष्टीकरण रात्रपाळीच्या कामगारांसाठी हवे होते. "सर, मॅडम, यंत्राचं मी सांगतो, भाषेचं तुम्ही बघा," असे तो म्हणाला. आम्ही दोघांनीही होकार दिला. त्यात थोडा अहंकार होताच.

अमेरिकेत 1968 च्या सुमारास डिक मॉर्ली आणि त्यांचे सहकारी असा नियंत्रक घडवू लागले, तेव्हा कारखान्यांत रिलेंनी भरलेली कपाटे असत. उत्पादन बदलले की तारा नव्याने जोडाव्या लागत. नवा नियंत्रक हाताळणार होते जुनेच वीजतंत्री. म्हणून प्रोग्रॅमही रिलेच्या आकृतीसारखाच काढायचे ठरले. दोन उभ्या रेषा, त्यांमध्ये आडव्या पायऱ्या: हीच 'लॅडर'. पुढे 1993 साली आंतरराष्ट्रीय मानक आले, त्यात साधारणपणे पाच भाषा मोजल्या जातात. त्यांतली 'स्ट्रक्चर्ड टेक्स्ट' पास्कलच्या वळणाची. 'इन्स्ट्रक्शन लिस्ट' 2013 साली कालबाह्य ठरवली गेली आणि 2025 च्या आवृत्तीतून वगळलीच. भाषेचा मृत्यू असा आवृत्तीच्या क्रमांकासह नोंदलेला आम्ही प्रथमच पाहिला.

मानक एक असले तरी बोली निराळ्याच राहिल्या. मित्सुबिशीच्या एफएक्स मालिकेत 'एक्स 7' नंतर थेट 'एक्स 10' येतो, कारण मोजणी आठाच्या पटीत चालते. रॉकवेलच्या लॉजिक्स नियंत्रकांत पत्ता नव्हे, नावच द्यायचे. आमच्या वाट्याला आलेल्या पहिल्या यंत्रावर सीमेन्सचा एस7-300 होता आणि त्यातील आज्ञा जर्मन संक्षेपांत होत्या. तेथे 'यू' म्हणजे 'उंड' (आणि), 'ई' म्हणजे आत येणारा संकेत, 'ए' म्हणजे बाहेर जाणारा. त्याच कंपनीच्या इंग्रजी संक्षेपांत मात्र 'ए' म्हणजे 'आणि'! एकच अक्षर, एकच नियंत्रक आणि दोन व्याकरणे. आम्ही काही दिवस याच कौतुकात घालवले.

चूक झाली ती दुसऱ्या, सोप्या वाटलेल्या यंत्रावर. ॲलन-ब्रॅडलीच्या लॅडरमध्ये 'एक्झामिन इफ क्लोज्ड' अशी आज्ञा असते. आम्ही लिहिले: "थांबा-बटणाचा संपर्क बंद असेल तर मोटर चालू राहील." त्या मुलाने वाचले आणि विचारले, "सर, बंद म्हणजे चालू की बंद?"

वीजतंत्र्याच्या इंग्रजीत 'क्लोज्ड' म्हणजे परिपथ पूर्ण, वीज वाहते आहे. आपल्या घरात दिवा 'बंद' म्हणजे वीज नाही. दाराचा 'बंद' आणि दिव्याचा 'बंद' यांत आम्ही दाराचा उचलला होता. कामगार दिव्याचा वाचणार होता. भर अशी की थांबा-बटण मुद्दामच एनसी पद्धतीने जोडतात, म्हणजे न दाबलेल्या स्थितीत परिपथ पूर्ण असतो, ज्यामुळे तार तुटली तरी यंत्र थांबावे. आमचे वाक्य वाचणाऱ्याला मात्र वाटले असते की तार तुटली तरी मोटर चालूच राहील. यंत्र थांबले तर दोष तो भलतीकडे शोधत बसला असता. यंत्रात हात घालून असे शोधणे म्हणजे काय, ते त्या मुलाने विस्ताराने सांगितले नाही.

नंतर कळले की ती आज्ञा मुळात संपर्काकडे पाहतच नाही. ती स्मृतीतील एक बिट 1 आहे का, एवढेच तपासते. नाव तेवढे रिलेच्या काळातले उरले आहे. चिन्ह वस्तूकडे नव्हे, दुसऱ्या चिन्हाकडे बोट दाखवते, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो, आणि प्रत्यक्ष समोर आले तेव्हा ओळखले नाही.

'बंद' आम्ही सर्वत्र काढून टाकला. "बिट 1 असेल तर" असे लिहिले. तारेसाठी 'जोडलेली' आणि 'तुटलेली'. 'एनओ' आणि 'एनसी' कामगारांच्या तोंडचेच शब्द, ते तसेच ठेवले. त्यावर आम्हा दोघांत झालेला वाद अजून मिटलेला नाही. तो कागद आता प्लॅस्टिकमध्ये घालून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवला आहे. सीमेन्सचा कागद आमच्याकडेच पडून आहे. त्यातला प्रत्येक 'ए' त्या मुलाने एकदा यंत्रावर जाऊन पडताळावा, मगच तो द्यायचा, असे आम्ही ठरवले आहे.