सावळ्याचे पाय

मंचरच्या आसपासच्या गावांत चैत्र लागला की यात्रा सुरू होतात. दिवसा घाटात बैलगाडे पळायचे, रात्री देवाचा छबिना निघायचा आणि त्यानंतर माणसं घोंगड्या-पोती काखेत मारून तमाशाच्या मैदानाकडे वळायची. आम्हा पोरांना जागा मिळायची ती थेट बोर्डाला चिकटून. तिथून मान वर करून नटाचा चेहरा कसाबसा दिसे. डोळ्यांसमोर असत ते त्याचे पाय. सावळ्या कुंभार मी पहिल्यांदा पाहिला तो असा, पायांकडून.

वग होता ‘गाढवाचं लग्न’. इंद्राच्या शापाने एक गंधर्व गाढव होऊन पृथ्वीवर येतो आणि येतो तो नेमका सावळ्या कुंभाराच्या दारी. ते गाढव माणसाच्या वाणीने बोलू लागतं आणि राजाच्या मुलीशीच लग्न करायचं म्हणून हट्ट धरून बसतं. शापातून सुटायचंय गाढवाला. मान धोक्यात घालायची आहे सावळ्याने. गाढवासाठी राजकन्येला मागणी घालायला दरबारात जायचं कुणी? मडकी घडवणाऱ्या या साध्या माणसाने.

दरबाराकडे निघालेला तो सोंगाड्या तोंडाने मोठमोठ्या बाता मारत होता. मागे हजारभर माणसं हसून लोळत होती. पण माझ्या नाकासमोर त्याच्या पायाची बोटं फळीला घट्ट धरून बसली होती. उजवा पाय पुढे सरकायचा, डावा जागचा हलायचा नाही. पोटऱ्यांमध्ये बारीक थरथर होती. मागच्या रांगेतल्या कुणालाही ती दिसणार नव्हती, तरीही ती होती. त्या रात्री मी हसलो नाही. मला त्या माणसाची काळजी वाटत राहिली.

आपल्याकडे पाऊल मागे घेणारा सर्वांत थोर वीर म्हणजे अर्जुन. पण गांडीव खाली ठेवणाऱ्या अर्जुनाच्या रथावर साक्षात कृष्ण होता. सावळ्याजवळ चाक, माती आणि बायको गंगी, एवढंच. अर्जुनाचा नकार विचारातून आलेला, सावळ्याचा पोटातून. राजापुढे वेडंवाकडं बोललेल्या गरिबाचं काय होतं, ते त्याला कुणी सांगायची गरज नाही. तरीही तो जातो. म्हणून तो मला मोठा वाटतो.

हरिभाऊ वडगावकरांच्या या वगातला सावळ्या महाराष्ट्राच्या मनात कोरला गेला तो दादू इंदुरीकरांमुळे. ते आमच्याच जिल्ह्यातले, मावळातल्या इंदुरी गावचे. प्रभा शिवणेकरांची गंगी आणि दादूंचा सावळ्या ही जोडी पाहिलेली माणसं आजही त्याविषयी बोलताना पुढे सरसावून बसतात. संगीत नाटक अकादमीनेही दादूंचा गौरव केला. पुढे रंगभूमीवर प्रकाश इनामदारांनी आणि 2007च्या चित्रपटात मकरंद अनासपुरे यांनी सावळ्या उभा केला. पिढी बदलली, तरी भूमिकेची मागणी तीच राहिली.

दूरच्या इंग्लंडातही असा एक घरकोंबडा नायक जन्मला. 1937 साली टोल्किनने ‘द हॉबिट’मधून आणलेला बिल्बो. त्याला आपली चूल आणि आपला चहा सोडून कुठे जायचं नसतं आणि जावं लागतं ते थेट ड्रॅगनच्या गुहेपर्यंत. चित्रपटात ही भूमिका मार्टिन फ्रीमनने केली. तो दुसऱ्या एका मालिकेत गुंतलेला होता, तेव्हा दिग्दर्शक पीटर जॅक्सनने त्याच्यासाठी चित्रीकरणाचं वेळापत्रकच बदललं. मला त्याचं कारण समजतं. तलवार चालवणारे नट पुष्कळ मिळतात. ‘मला नाही जायचं’ हे डोळ्यांतून खरं वाटायला लावणारा नट विरळाच.

कारण शौर्याचा आव आणता येतो. कचरण्याचा आणायला गेलं की लगेच उघडं पडतं. नटाला शेवट ठाऊक असतो. शाप सुटणार, गाढवाचा गंधर्व होणार, सावळ्याची मान शाबूत राहणार. हे सगळं ठाऊक असूनही त्या क्षणी ते ठाऊक नसावं लागतं. सिनेमात तो क्षण एकदा पकडला की संपलं. तमाशात दसऱ्यापासून बुद्ध पौर्णिमेपर्यंत गावामागून गाव तो नव्याने जगावा लागतो. त्यातून सोंगाड्या बोलतो ते बरंचसं जागच्या जागी सुचलेलं. पाठ केलेल्या वाक्याचा आडोसाही त्याला नाही.

दुसऱ्या दिवशी हजेरी आटोपल्यावर मी हिय्या करून कनातीमागे गेलो. तो माणूस पत्र्याच्या पेटीवर बसून पायांना तेल चोळत होता. घोटे सुजले होते. मी विचारलं, “तुम्हाला खरंच भ्या वाटतं?”

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, “वाटंल न्हाई तर काय! राजाकडं आज पयल्यांदाच गेलो की मी.”

कालही तो गेला होता. परवाही गेला असणार. पण त्या ‘आज’मध्ये जराही खोट नव्हती.

आता दर फाल्गुनात मंचरहून नाशिकच्या वाटेने निघालो की नारायणगावात फडांच्या राहुट्या दिसतात. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. गावोगावचे पंच तिथे सुपारी ठरवायला आलेले असतात. मी हमखास थांबतो. पायांकडे पाहतो.

कारण त्या संध्याकाळचं एक चित्र मनातून जात नाही. सामान भरून झालं होतं, पुढच्या गावची यात्रा वाट पाहत होती. सगळे ट्रकमध्ये चढले, शेवटी तो आला. फाळक्याला धरून त्याने उजवा पाय उचलून टेकवला. डावा जमिनीवरच राहिला. क्षणभर तो तसाच उभा होता, आदल्या रात्री दरबाराच्या दाराशी उभा होता अगदी तसा. मग कुणीतरी वरून हात दिला आणि तो चढला.